धबधब्याचा बेत आणि परतीची वाट

नीतिशास्त्राचे ग्रंथ उघडून पाहिले तर त्यांत ज्या प्रसंगांचा ऊहापोह केलेला असतो ते बहुधा मोठे व दुर्मिळ असतात. पाठलाग होत असलेल्या निरपराध मनुष्यास वांचविण्यासाठीं खोटें बोलावें कीं नाहीं, बुडत्या नावेंत जागा थोडी असतां कोणास उतरवावें, राजाज्ञा व धर्माज्ञा यांत विरोध आला तर कोणती पाळावी, असल्या प्रश्नांवर तत्त्वज्ञांनीं पानेंच्या पानें खर्च केलीं आहेत. परंतु सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत असे प्रसंग किती येतात? त्याला नावेंतून कोणास ढकलावयाचें नसतें. त्याला सुटीच्या दिवसांत घरच्या माणसांना घेऊन एखादा धबधबा पाहावयास जावयाचें असतें. आतां यांत नीतीचा प्रश्न तो कोठला, असें कोणी म्हणेल. डबे भरावे, गाडी ठरवावी, सकाळीं लवकर निघावें आणि दिवेलागणीला परत यावें, इतकाच तो मामला. माझें म्हणणें असें कीं, ज्याला आपण 'बेत' म्हणतों त्या साध्या गोष्टींत दुसऱ्यांच्या वतीनें निर्णय घेण्याचा सगळा अवघड प्रश्न सांठवलेला आहे; आणि धबधबा जर रक्षित अरण्यांत असेल तर त्या प्रश्नाला आणखी एक बाजू येते, ती अरण्याची.

विवेचन हवेंत तरंगत राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष स्थळ डोळ्यांपुढें ठेवूं. गोवा व कर्नाटक यांच्या सीमेवर, भगवान महावीर अभयारण्यांत, मांडवी नदीच्या ओघावर दूधसागर नांवाचा धबधबा आहे. सुमारें ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांहून अधिक, उंचीवरून पाणी टप्प्याटप्प्यानें खालीं येतें, आणि पावसाळ्यांत काळ्या कड्यावर तें असें पसरतें कीं नांवाची सार्थकता पटवून देण्यास दुसरा पुरावा नको. या धबधब्याचें एक वैशिष्ट्य असें कीं त्याच्या अंगाला लागूनच आगगाडी जाते. १८८० नंतरच्या दशकांत मुरगांव बंदरापासून सह्याद्रि चढून कॅसलरॉकपर्यंत जो लोहमार्ग घालण्यांत आला, तो धबधब्याच्या मध्यावर एका पुलावरून पलीकडे जातो. दुसरी वाट खालून आहे. कुळें गांवाहून जीपगाड्या ओढ्यांच्या पात्रांतून अरण्यांत शिरतात, आणि शेवटचा थोडा भाग खडकांवरून पायीं चालावा लागतो. परंतु ही वाट पावसाळ्यांत बंद असते, कारण ज्या ओढ्यांतून जीप जाते ते ओढे त्या दिवसांत कोणाला वाट देत नाहींत. सामान्यतः ऑक्टोबरच्या सुमारास ती पुन्हां खुली होते. म्हणजे धबधबा पूर्ण वैभवांत असतो तेव्हां खालची वाट बंद, आणि वाट मोकळी होते तेव्हां वैभव ओसरूं लागलेलें. बेत करणाराची सगळी अडचण या एका वाक्यांत आली.

या धबधब्याविषयीं एक लोककथा सांगतात. डोंगरावरील एका राजाची कन्या तळ्यांत स्नान करून सोन्याच्या झारींतलें गोड दूध पीत असे. एके दिवशीं झाडांआडून एक राजपुत्र आपणांस पाहत आहे असें तिच्या लक्षांत आलें. तेव्हां तिच्यापुढें झारींतलें दूध ओतण्यांत आलें, त्या दुधाचा पडदा झाला आणि तिची लज्जा राखली गेली. तोच हा धबधबा. कथा गोड आहे म्हणून आपण ती मुलांना सांगतों आणि पुढें जातों. पण कथेंत आपली स्वतःची जागा कोणती, हें कोणी विचारीत नाहीं. विचारलें तर उत्तर फारसें सुखावह नाहीं: झाडाआडचा तो अनाहूत राजपुत्र म्हणजे आपण. ज्या लोकांनीं ही कथा रचिली त्यांना हा धबधबा कोणाला दाखविण्यासाठीं मांडलेला देखावा वाटला नाहीं. पाहणाराच्या दृष्टीपासून स्वतःस झांकण्यासाठीं ओढलेला पडदा वाटला.

आधुनिक कायद्याचें म्हणणेंहि, भाषा रुक्ष असली तरी, फारसें वेगळें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें बाहेरच्या माणसानें अभयारण्यांत न शिरणें हा सामान्य नियम आहे, आणि परवाना घेऊन शिरणें हा अपवाद. ज्या कारणांसाठीं असा परवाना देतां येतो त्यांत संशोधन, छायाचित्रण इत्यादींच्या बरोबरीनें पर्यटनाचाहि उल्लेख आहे. आपण मात्र मनांत ही मांडणी उलटी करून ठेवलेली असते. प्रवेश हा आपला हक्क, आणि 'आज बंद' ही पाटी म्हणजे त्या हक्कावर आलेली गदा! तिकिटाचे पैसे दिले कीं ही समजूत अधिकच घट्ट होते. बाजारांत पैसे देऊन वस्तु मिळाली नाहीं तर तक्रार करणें योग्यच आहे. परंतु येथें पैसे देऊन आपण धबधबा विकत घेत नाहीं, गव्याच्या, अस्वलाच्या आणि शेकरूच्या घरीं कांहीं तास पाहुणा म्हणून राहण्याची परवानगी घेतों. यजमानानें दारांतूनच 'आज नको' म्हटलें तर पाहुण्यानें काय करावें, हें आपल्याकडे लहान मुलालाहि शिकविलेलें असतें.

आतां कुटुंबाकडे वळूं. गेल्या भाद्रपदांत आमच्याच घरीं या धबधब्याचा बेत निघाला होता, आणि त्या वेळची चर्चा मला या प्रश्नाच्या दृष्टीनें फार बोधप्रद वाटली. माझा विशींतला पुतण्या म्हणाला, "काका, धबधबा पाहायचा तर भर पावसांतच. ऑक्टोबरमध्यें काय पाहायचंय? जीप नसली तर रुळांवरून चालत जाऊं. सगळे जातात." माझी आई ऐंशीच्या पलीकडची. ती म्हणाली, "अरे, तुम्ही सगळीं जाऊन या. मला काय तें पाणी पाहून करायचंय? मी घर सांभाळीन." आणि बहिणीची नऊ वर्षांची मुलगी एवढेंच विचारीत होती, "मामा, आपण पाण्यांत उतरायचं ना?" हीं तीन वाक्यें म्हणजे संमतीचे तीन प्रकार आहेत, आणि सहकुटुंब निघणाऱ्या प्रत्येक मंडळींत ते तिन्ही असतात.

पुतण्याचें वाक्य स्वतःचा धोका स्वतः पत्करणाऱ्या माणसाचें होतें. मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत ज्या क्षेत्राचा कैवार घेतला, तें हेंच. ज्या कृत्याचा परिणाम केवळ कर्त्यावरच होतो त्यांत इतरांनीं ढवळाढवळ करूं नये, हें तत्त्व मला मान्य आहे. तरुणांनीं कडे चढावे, रानें तुडवावीं, याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु कुटुंबाबरोबर निघालेल्या माणसाला केवळ स्वतःपुरता असा धोका उरतच नाहीं. त्याचा पाय घसरला तर काका कांठावर उभा राहून मिल्लचें तत्त्व आठवीत बसणार नाहीं. तो पाण्यांत उडी टाकील, त्याला पोहतां येत असो वा नसो. बुडणाऱ्याच्या मागोमाग वांचविणाराहि बुडाला, ही बातमी आपण किती वेळां वाचतों! गिर्यारोहकांच्या कंबरेला दोर असतो, पण तो प्रत्येकानें समजून-उमजून बांधून घेतलेला असतो. कुटुंबांतील माणसांना जोडणारा दोर कोणाची संमति विचारीत नाहीं, आणि आयत्या वेळीं सोडतांहि येत नाहीं.

आईचें वाक्य याहून अवघड. घरांतील वृद्ध माणसें 'मला नको' म्हणतात, तेव्हां तो त्यांच्या इच्छेचा उच्चार असतो कीं आपली अडचण ओळखून त्यांनीं केलेला त्याग असतो, हें सांगणें कठीण. आपण तें वाक्य जसेंच्या तसें स्वीकारतों, कारण तसें स्वीकारणें सोयीचें असतें. आयुष्यभर ज्या बाईनें घरच्यांच्या सोयीप्रमाणें आपल्या इच्छा बेतल्या तिच्या नकाराला तिचें स्वातंत्र्य समजणें, ही एक प्रकारची सुसंस्कृत निष्ठुरता आहे. उलट, तिला खुर्चींत बसवून चौघांनीं खडकांवरून वाहून नेणें म्हणजे तिच्या इच्छेचा मान नव्हे, आपल्या मातृभक्तीचें प्रदर्शन होय. राहिली भाची. तिचा प्रश्न हा वास्तविक प्रश्नच नव्हता. तो विश्वास होता. मामा ज्या अर्थीं नेत आहे त्या अर्थीं तेथें जाणें ठीकच असलें पाहिजे, असें धरून ती चालली होती. ज्याची संमति घेतां येत नाहीं, पण ज्याचा विश्वास मात्र पूर्ण आहे, त्याच्या वतीनें निर्णय घेणें यापेक्षां जड ओझें मला दुसरें माहीत नाहीं.

येथें सौंदर्यशास्त्राचा एक जुना सिद्धांत उपयोगी पडतो. बर्कनें १७५७ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, भीति अंगावर आली तर ती केवळ दुःखद असते, पण कांहीं अंतरावर राहिली तर तिच्यांतूनच एक प्रकारचा आनंद उत्पन्न होतो. कांटनें १७९० सालच्या ग्रंथांत उदात्ताचीं उदाहरणें देतांना ज्वालामुखी, वादळ, खवळलेला समुद्र यांच्याबरोबर मोठ्या नदीच्या उंच धबधब्याचेंहि नांव घेतलें आहे. अशा देखाव्यापुढें आपलें शरीर किती क्षुद्र आहे हें आपल्याला कळतें, आणि त्याच क्षणीं आपल्यांत या बळापुढें न वांकणारें असें कांहीं आहे याचीहि जाणीव होते. म्हणून मन दडपून न जातां उंचावतें. परंतु त्यानें एक अट घातली आहे: पाहणारा सुरक्षित स्थळीं असला पाहिजे. कोनिग्जबर्ग शहर आणि त्याचा परिसर सोडून फारसा कोठें न गेलेल्या या प्राध्यापकाला ती अट पाळणें सोपें होतें, असा विनोद सुचतो. पण अट खोटी नाहीं. आपल्या नाट्यशास्त्रांतहि भय हा भाव आणि भयानक हा रस यांत भेद केला आहे. रंगभूमीवरचा वाघ प्रेक्षकांत उतरत नाहीं, म्हणूनच त्याच्या गर्जनेचा आस्वाद घेतां येतो. मात्र नाट्यगृहांत हें अंतर रंगमंचानें आधींच सिद्ध करून दिलेलें असतें. अरण्यांत रंगमंच नाहीं. तेथें कोणी कोठें थांबावें, कोठून पाहावें, हें ठरविणारा सूत्रधार म्हणजे बेत करणारा गृहस्थ. आणि त्याची चूक झाली तर भयानक रसाचें पुन्हां भय होण्यास क्षणाचाहि विलंब लागत नाहीं.

शिवाय पाण्याजवळ सुरक्षित स्थळ ही कायमची वस्तु नसते. सह्याद्रींतल्या ओढ्याला लांबचा प्रवास करावयाचा नसतो. माथ्यावर पडलेला पाऊस थोड्याच वेळांत पायथ्याशीं येऊन पोंचतो. खालीं ऊन पडलेलें असतां वर मुसळधार चालूं असूं शकते, आणि घोट्याएवढें पाणी पाहतां पाहतां कंबरेला लागतें. पाणी एकाएकीं गढूळ होणें, काड्या-पाचोळा वाहून येऊं लागणें, आवाज बदलणें, हीं त्याचीं पूर्वचिन्हें डोंगरांत राहणाऱ्या माणसाला ओळखूं येतात. शहरांतल्या माणसाला तीं दिसतात, पण त्यांचा अर्थ लागत नाहीं. त्यांतच खडकावर शेवाळ असतें, आणि कड्याखालच्या डोहांत पडत्या पाण्याची ओढ अशी असते कीं तेथें पट्टीच्या पोहणाराचेंहि कांहीं चालत नाहीं.

३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेलीं. त्यांत लहान मुलें होतीं. पाणी वाढत असतां तीं प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना घट्ट धरून उभीं होतीं. त्या दृश्याकडे बोट दाखवून 'बेफिकीर लोक' म्हणणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें आहे. थोड्याच वेळापूर्वीं ती जागा तुम्हां-आम्हां कोणालाहि सुरक्षितच वाटली असती. त्यांनीं एकमेकांना सोडलें नाहीं. कुटुंबानें जें करावयाचें तें त्यांनीं शेवटपर्यंत केलें. प्रेम होतें, धैर्य होतें. मागें फिरण्याची वाट तेवढी उरली नव्हती. या घटनेचा विचार करतांना माझें असें मत बनलें कीं, बेत करणाऱ्याचें खरें कर्तव्य जाण्याची व्यवस्था करणें हें नसून परतण्याची शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवणें हें आहे.

मग माणसें वेळींच परत कां फिरत नाहींत? मूर्खपणा हें उत्तर पुरेसें नाहीं. पुष्कळ शहाणीं माणसेंहि फिरत नाहींत. त्यांना पुढें ढकलणाऱ्या गोष्टी मला तीन दिसतात. पहिली, झालेला खर्च. जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेतांना तो हिशेबांत धरूं नये, असें अर्थशास्त्र सांगतें; परंतु हा धडा वर्गांत समजतो, वाटेवर आठवत नाहीं. दुसरी, दिलेलें वचन. मुलांना महिनाभर 'आपण धबधबा पाहणार' असें सांगितलेलें असतें, आणि आतां त्यांचे चेहरे उतरलेले कसे पाहावे? वचन मोडणें वाईट खरेंच. पण धबधबा दाखविण्याचें वचन देण्याचा अधिकार या गृहस्थाला होता कोठें? धबधबा त्याच्या मालकीचा नाहीं. 'आपण जाऊं, आणि त्यानें येऊं दिलें तर पाहूं' एवढेंच वचन प्रामाणिक माणूस देऊं शकतो. तिसरी आणि सर्वांत बलवान् गोष्ट म्हणजे कर्तेपणाचा अभिमान. ज्यानें बेत केला त्याला बेत मोडला म्हणजे आपणच मोडलों असें वाटतें. चार माणसांदेखत 'चला, परत फिरूं' असें म्हणण्यास जें धैर्य लागतें त्याची गणना कोणी धैर्यांत करीत नाहीं, म्हणून तें दुर्मिळ झालें आहे.

या तिहींत 'सगळे जातात' या वाक्याची भर पडते. २०२३ च्या जुलैमध्यें रुळांवरून दूधसागराकडे निघालेले तरुणांचे जथे अडविण्यांत आले, कांहींना उठाबशा काढावयास लावण्यांत आलें, आणि धबधबा डब्यांत बसूनच पाहावा अशी विनंती रेल्वेला करावी लागली. परवानगीवांचून रुळांवरून चालणें हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणें अपराध आहे. परंतु त्या गर्दींतल्या फारशा कोणाला आपण अपराधी आहों असें वाटलें नसावें, कारण प्रत्येकाच्या पुढें कोणाची तरी पाठ होती आणि मागें कोणाचीं तरी पावलें होतीं. उठाबशांनीं पाय दुखतात. त्यानें विचार बदलतोच असें नाहीं.

तेव्हां चांगला बेत कोणता? माझ्या मतें, ज्याच्या प्रत्येक टप्प्यावर, कोणाचाहि पाणउतारा न होतां, थांबतां येतें तो. अशा बेताचीं कांहीं लक्षणें सांगतां येतील. कोठपर्यंत जावयाचें, किती वाजतां माघारें वळावयाचें, पाण्यांत उतरावयाचें कीं नाहीं, या गोष्टी घरीं, डोकें थंड असतांना ठरवाव्या. कड्याखालीं, मन भारावलेलें असतांना ठरवूं नयेत. मंडळींतील कोणीहि 'मला भीति वाटते' म्हटलें कीं सर्वांनीं थांबावें, आणि त्या माणसाला त्याचें कारण सिद्ध करावयास लावूं नये. जीप चालविणारा स्थानिक माणूस किंवा वनरक्षक 'आज नको' म्हणाला तर तो आपल्यापेक्षां कमी शिकलेला आहे ही गोष्ट विसरावी, कारण त्या ठिकाणीं तोच अधिक शिकलेला असतो. अंगांत घालावयास दिलेलें तरंगजाकीट गैरसोयीचें आहे म्हणून त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. आणि त्या दिवसाचें सगळें सुख एकाच दृश्यावर टांगून ठेवूं नये. याच अरण्याच्या परिसरांत तांबडी सुर्ला येथें कदंबकालीन महादेवाचें काळ्या दगडांतलें सुंदर मंदिर आहे. धबधब्याचें दार बंद असेल त्या दिवशीं तें बंद नसतें.

हा विवेक माणसांपुरताच नाहीं. वानरांना बिस्किटें देऊं नयेत हें सांगितलें कीं मुलें हिरमुसतात, आणि मोठ्यांना तें क्षुल्लक वाटतें. परंतु माणसाच्या हातचें खाण्यास सोकावलेलें वानर पुढें हिसकावूं लागतें, आणि मग त्यालाच 'उपद्रवी' ठरविण्यांत येतें. पाहुण्यानें यजमानाच्या मुलांना वाईट संवय लावावी आणि निघतांना त्यांच्याच नांवानें खडे फोडावे, असा हा प्रकार आहे.

दोन आक्षेप येथें विचारांत घेतले पाहिजेत. पहिला असा कीं, एवढी चिंता वाहावयाची तर घरींच बसावें. धबधब्याचीं चित्रें आतां घरबसल्या हवीं तितकीं दिसतात. याला माझें उत्तर असें कीं, सुरक्षितपणाच्या नांवाखालीं मुलाला सृष्टीच्या सामर्थ्याचें दर्शनच घडूं न देणें हाहि अपाय आहे, मग तो डोळ्यांना दिसत नसला तरी. ज्याला आपल्याहून मोठें असें कांहीं कधीं भेटलेंच नाहीं तें मूल मोठें होऊन नम्र होईल अशी आशा मला वाटत नाहीं. चित्रांतला धबधबा बोटानें थांबवितां येतो. खरा धबधबा थांबवितां येत नाहीं, आणि तो जो धडा देतो तो याच गोष्टींत आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. वाट अवघड असेल तर ती सोपी करावी. पायऱ्या, कठडे, उंचावरून चालणारे पाळणे करावे, म्हणजे आजीपासून नातीपर्यंत सर्वांना केव्हांहि जातां येईल. या आक्षेपांत करुणा आहे, म्हणून तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं. जेथें अशी सोय शोभते तेथें ती अवश्य करावी. शरावतीवरचा गिरसप्पा धबधबा २५३ मीटर उंचीचा. तो समोरच्या कड्यावरून, कठड्याशीं उभें राहून, वृद्धांनाहि पाहतां येतो, हें चांगलेंच आहे. परंतु त्याच शरावतीवर १९६४ मध्यें लिंगनमक्कीचें धरण पुरें झालें, आणि कोरड्या दिवसांत कड्यावरून किती पाणी पडावें हें बह्वंशीं माणसाच्या हातीं आलें. सोयीची वाट धरली म्हणजे ती कोठें थांबवावी हें कळेनासें होतें: आज कठडा, उद्यां दिवे, परवां फराळाचीं दुकानें. अरण्यांत सर्वांना सर्वकाळ प्रवेश असला तर तें अरण्य राहत नाहीं, आणि मग प्रवेश कशांत केला हा प्रश्न उरतो. मात्र हें तत्त्व मान्य करावयाचें तर तें धडधाकट माणसानेंहि स्वतःस लावून घेतलें पाहिजे. आजीला तिच्या गुडघ्यांनीं घातलेली मर्यादा तिनें निमूटपणें सोसावी, आणि नातवानें ऋतूनें घातलेली मर्यादा रुळांवरून चालत जाऊन ओलांडावी, हा न्याय नव्हे.

आमच्या घरीं शेवटीं ठरलें तें या विचाराला धरूनच ठरलें. पावसाळ्यांत खालीं उतरण्याचा हट्ट सोडावा, आणि मडगांवाहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडींतून सर्वांनीं मिळून, आईला खिडकीशीं बसवून, घाट चढावा. ज्यांना कड्याखालीं जावयाचें असेल त्यांनीं वाट उघडल्यावर जावें. पुतण्यानें थोडी कुरकुर केली, पण तो आला. त्या दिवशीं घाटांत दाट धुकें होतें. गाडी पुलावर आली तेव्हां खिडकीबाहेर सर्व पांढरें होतें. पाण्याचा प्रचंड आवाज आणि तोंडावर आलेले तुषार, एवढेंच काय तें मिळालें. आईनें त्या आवाजाकडे तोंड करून हात जोडले. गाडी पुढें निघून गेल्यावर भाचीनें विचारलें, "मामा, मग आपण धबधबा पाहिला कीं नाहीं?"

तत्त्वज्ञानाच्या वर्गांत याहून चांगला प्रश्न मला क्वचित् कोणी विचारला असेल. त्याचें उत्तर पाश्चात्य ग्रंथांत शोधण्याची गरज नाहीं. आपल्या वारकऱ्यांनीं तें फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. आषाढींत पंढरपुरास लाखो माणसें पायीं जातात. त्यांतील पुष्कळांना गर्दीमुळें गाभाऱ्यापर्यंत पोंचतां येत नाहीं. तीं नामदेवाच्या पायरीशीं माथा टेकतात, लांबून कळसाला हात जोडतात आणि गांवाकडे परततात. परत येतांना तीं असें म्हणत नाहींत कीं आमची वारी फुकट गेली. कळसाचें दर्शन हेंहि दर्शनच, तें उणें नव्हे, अशी त्यांची श्रद्धा असते. ही श्रद्धा ज्या समाजांत शेकडों वर्षें नांदली त्या समाजाला 'आज बंद' या पाटीपुढून शांत मनानें मागें फिरणें जड जाऊं नये. देवराईंतली वाळकी काडीहि घरीं आणूं नये, असें मानणारे लोक याच सह्याद्रींत राहत आले आहेत. कांहीं जागा आपल्या उपयोगासाठीं नसतात, आणि तरीहि आपल्या असतात, हें त्यांना कोणी ग्रंथ वाचून शिकविलें नव्हतें.

पर्यटक आणि यात्रेकरू यांतला भेद मला येथेंच दिसतो. पर्यटकाला जें पाहावयाचें तें पाहिल्याशिवाय त्याचा प्रवास पुरा होत नाहीं. यात्रेकरूचा प्रवास तो निघाला तेव्हांपासूनच फळूं लागलेला असतो. म्हणून यात्रेकरू मोकळा असतो. त्याला पुढें जातां येतें तसेंच थांबतांहि येतें. आपल्या माणसांना घेऊन अरण्यांत निघणाऱ्यानें या दुसऱ्या वृत्तीनें निघावें, असें मला वाटतें. आणि तें अरण्याच्या कल्याणासाठीं जितकें, तितकेंच त्याच्या बरोबरच्या माणसांच्या कल्याणासाठीं.

कारण घरांतील वडीलधाऱ्यांच्या वागण्यांतून मुलें जें शिकतात तें त्यांच्या बोलण्यापेक्षां अधिक टिकतें. मामानें ओरडणाऱ्या वनरक्षकाची नजर चुकवून त्यांना पाण्यापर्यंत नेलें, तर नियम हे चुकविण्यासाठीं असतात आणि सृष्टि ही हस्तगत करण्यासाठीं असते, हें तीं शिकतील. धबधबा पाहिल्याची आठवण राहील, आणि तिच्याबरोबर हा धडाहि राहील. मामा कांठावर थांबला, आकाशाकडे पाहून 'आज नको' म्हणाला आणि हंसतमुखानें मागें वळला, तर त्या दिवशीं मुलें कदाचित् रुसतील. परंतु पुढें केव्हां तरी, दुसऱ्या कोणाची माणसें त्यांच्या भरंवशावर निघालेलीं असतां, कोणत्या तरी भरल्या पाण्याच्या कांठीं त्यांनाहि असेंच ठरवावें लागेल. तेव्हां परत फिरणें हा पराभव नव्हे, हें त्यांना नव्यानें सिद्ध करावें लागूं नये, एवढी शिदोरी तरी आपण त्यांच्याबरोबर दिली पाहिजे.